रंगवलेली भिंत रात्रीत कुणीतरी खराब केली, आता कॉलनीनं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. साताऱ्यातल्या गोडोली भागातली तुमची कॉलनी, चढाला लागून संरक्षक भिंत, मागच्या हिवाळ्यात कॉलनीतल्या लोकांनी आणि शेजारच्या शाळेतल्या मुलांनी मिळून ती रंगवली. एका टोकाला कासची फुलं, मधे वारकऱ्यांची दिंडी, दुसऱ्या टोकाला सावित्रीबाई. गेल्या आठवड्यात रात्रीत कुणीतरी दिंडीतल्या बायकांच्या तोंडावर काळा स्प्रे मारला, बाजूला बदाम काढून दोन अक्षरं लिहिली, फुलांवर एका क्लासचं पोस्टर चिकटवलं, आणि खाली गुटख्याच्या पिचकाऱ्या तर आधीपासून होत्याच. आता कॉलनीत तीन गट पडलेत. पोलिसात द्या, कॅमेरे बसवा, आणि सगळ्यावर पांढरा मारून विषय संपवा.

मी आधी बोर्ड पेंटर होतो, फ्लेक्स आला आणि ते काम गेलं, तेव्हापासून भिंतींवर चित्रं काढतो, साताऱ्यात, वाईला, कराडला, कधी सांगलीकडं पण. चित्रं काढण्याइतकंच खराब झालेली चित्रं दुरुस्त करायचं काम माझ्याकडं येतं. त्यामुळं माझं म्हणणं सरळ सांगतो, आधी दुरुस्त करा, लवकर करा, आणि कॉलनीच्याच हातानं करा. कोण होतं ते शोधणं त्याच्यानंतर. याला एकच अपवाद आहे, सावित्रीबाईंच्या चित्राचा, त्याबद्दल पुढं वेगळं लिहितो कारण तो विषय गंभीर आहे.

लवकर का म्हणतोय? खराब भिंत आठ-पंधरा दिवस तशीच राहिली की बघणाऱ्याला वाटतं हिला कुणी वाली नाही. मग ज्यानं कधी हात लावला नसता तोही जाताजाता खिळ्यानं एक रेघ ओढतो, कुणी कचऱ्याची पिशवी ठेवतं, आणि महिन्याभरात तिथं परत उकिरडा. पहिल्या दोन-तीन दिवसात कुणीतरी बादली आणि ब्रश घेऊन भिंतीपाशी दिसलं ना, तर येणारे जाणारे थांबतात, काय झालं विचारतात, एखादा स्वतः हात लावतो. आणि ज्यानं केलंय तोही बहुतेक त्याच रस्त्यानं जात असतो, त्यालाही ते दिसतं.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही सगळे याला एकच प्रकार समजताय म्हणून भांडण वाढलंय. माझ्या मते तुमच्या भिंतीवर चार वेगवेगळ्या लोकांची कामं आहेत आणि चौघांना एकच उपाय लागू पडणार नाही.

पोस्टरचं सगळ्यात सोपं. त्याच्यावर फोन नंबर असतोच. आरडाओरडा न करता फोन करा, सांगा की ही शाळेच्या मुलांनी रंगवलेली भिंत आहे, तुमच्याच क्लासला उद्या यातली मुलं येणार, या रविवारी माणूस पाठवून काढून द्या. बहुतेक वेळा माणूस येतो, कारण पोस्टर लावणारा पोऱ्या वेगळाच असतो आणि मालकाला माहितही नसतं त्यानं कुठं लावलंय. नाही ऐकलं तर कायदा आहे. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे, स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय लोकांना दिसेल अशा जागी जाहिरात चिकटवणं किंवा लिहिणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि बेकायदा होर्डिंग आणि बॅनरवर मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०१७ मधे जो मोठा निकाल दिला, त्यातली एक याचिका साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनची होती. म्हणजे या विषयात आपल्या गावानं राज्याला वाट दाखवलीय, हे नगरपालिकेत अर्ज देताना छाती पुढं काढून सांगा.

पण इथं एक बघून घ्या, तोच कायदा तुमच्या चित्रालाही लागू शकतो. भिंत कुणाची आहे, नगरपालिकेची, बांधकाम खात्याची की खाजगी, आणि रंगवायला लेखी परवानगी घेतली होती का? नसेल तर आधी ती घ्या, तोंडी नगरसेवकांनी हो म्हटलं होतं हे उद्या कामाला येत नाही. परवानगीच्या कागदात देखभाल कॉलनी करणार आणि पुसायच्या आधी कॉलनीला कळवणार एवढी दोन वाक्यं टाकून घ्या.

पोस्टर काढताना लोखंडी पत्र्यानं खरवडू नका, रंगासकट निघतं. खळीनं चिकटवलेलं असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं लावून ठेवायचं, मग प्लॅस्टिकची पट्टी तिरपी धरून खालून वर काढायचं. फेव्हिकॉलनं लावलं असेल तर जास्त वेळ लागतो पण पद्धत तीच.

गुटख्याचं जरा जास्त लिहितो कारण साताऱ्यात काय नि सांगलीत काय, भिंती सगळ्यात जास्त यानंच खराब होतात. ओली पिचकारी असेल तर साबणाच्या पाण्यानं लगेच निघते. वाळली की काताचा रंग आत मुरतो आणि मग वरून कितीही डिस्टेंपर किंवा इमल्शन मारा, दोन दिवसात तपकिरी डाग परत वर येतो, कारण तो पाण्यात विरघळतो आणि तुमच्या पाण्याच्या रंगातून वर चढतो. लोक म्हणतात रंग खराब होता, रंगाचा काय दोष त्यात. डाग धुवा, भिंत पूर्ण सुकू द्या, तेवढ्याच जागेवर ऑइल प्राइमरचा, म्हणजे रंगाआधी मारायच्या तेली अस्तराचा, पातळ हात द्या, सुकल्यावर परत एक, आणि मग वरून रंग. पण भिंत ओलसर असेल किंवा प्लॅस्टर नवीन असेल तर ऑइल प्राइमर धरत नाही, सोलून येतो. नवीन प्लॅस्टरला किमान २८ दिवस तरी द्यायचेच.

आणि पिचकारी मारणारा माणूस कोण, हे बघा. तो मुद्दाम तुमच्या चित्राचा अपमान करायला येत नाही, तो तिथं उभा राहतो म्हणून थुंकतो. मग तो तिथं का उभा राहतो? शेअर रिक्षाची वाट बघतो, टपरीवर चहा पितो, की आडोसा बघून लघवीला येतो? बऱ्याच भिंती मुळात लोकांनी तिथं घाण करू नये म्हणूनच रंगवल्या जातात, आणि मुतारी मात्र लांबपर्यंत कुठं नसते. माणूस जाणार कुठं? म्हणून मी कॉलन्यांना सांगतो की रंगाच्या परवानगीच्या अर्जाबरोबरच मुतारीचा आणि कचराकुंडीचा अर्ज द्या. देवांच्या टाइल्स खाली लावायचा जो प्रकार आहे तो मला अजिबात पटत नाही. एक तर ज्याला थुंकायचंय तो टाइलच्या बाजूला थुंकतो, आणि दुसरं, उद्या कुणी त्या टाइलवर थुंकलं तर साधा घाणीचा विषय धर्माचा होतो. त्यापेक्षा खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा गडद ठेवा, वीटकरी किंवा काळपट तपकिरी, साधा एकरंगी, धुता येईल असा, आणि नाजूक काम चार फुटांच्या वर. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल उडतो तोही याच पट्ट्यावर बसतो.

बदाम आणि अक्षरं. ही पोरं आहेत हो ताई, आणि तुमच्याच आसपासची. अजिंक्यतारा किल्ल्यावर जा, ‘चार भिंती’ नावाच्या स्मारकापाशी जा, दगडावर नावं कोरलेली दिसतील. चूक आहेच, गडावरच्या दगडावर कोरलं तर ते कायमचं जातं, त्याच्यापुढं तुमच्या भिंतीवरचा स्प्रे काहीच नाही. पण मला इथं एक प्रश्न विचारायचाय, भिंत रंगवायच्या आधी त्या जागेवर संध्याकाळी कोण बसायचं? तिथं जर पोरांचा कट्टा होता आणि भिंत रंगवल्यावर तुम्ही लोकांनी त्यांना तिथून उठवलं असेल, ‘इथं बसू नका’ असा बोर्ड लावला असेल, तर त्यांच्या दृष्टीनं तुम्ही त्यांची जागा काढून घेतलीत. शाळेच्या लहान मुलांना बोलावलं, कॉलनीतल्या काका-काकूंना बोलावलं, नगरसेवकांच्या हस्ते नारळ फोडला, आणि सोळा-अठरा वर्षांच्या पोरांना कुणी विचारलंच नाही, हे मी जागोजागी बघतो. खराब करणारा बहुतेक वेळा त्याच वयाचा आणि न विचारलेल्यांपैकी निघतो.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९८४ साली भिंती खराब करणाऱ्यांविरुद्ध मोहीम सुरू झाली, तिथल्या महापौरांनी ती चालू केली, आणि जेन गोल्डन नावाच्या चित्रकार बाईंना त्या कामावर घेतलं. स्प्रेनं नावं लिहिणाऱ्या पोरांना माफी द्यायची आणि बदल्यात त्यांनी भिंती साफ करायच्या, असं ठरलं. बाईंच्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच पोरांचा हात चांगलाय, मग त्यांच्याकडूनच मोठी भिंतचित्रं काढून घ्यायला सुरुवात केली, आणि आज त्या शहराची ओळखच भिंतचित्रांचं शहर अशी झालीय, हजारो भिंती रंगल्यात. तिथला पैसा, तिथली व्यवस्था वेगळी, ते सगळं इथं जसंच्या तसं जमणार नाही हे मान्य. पण ज्याचा हात स्प्रे धरायला शिवशिवतोय त्याला एक जागा द्यायची, एवढं तर कुठल्याही पेठेत जमेल. भिंतीच्या शेवटच्या टोकाला आठ-दहा फूट मोकळे सोडा, सांगा की ही तुमची, दर दोन-तीन महिन्यांनी नवीन काढा, शिवी आणि कुणाचं नाव सोडून काहीही काढा. कॉलनीतल्या ज्येष्ठांना हे आवडणार नाही, मला माहितीय. तरीही करा.

पोरांशी बोलायला कोण जाणार हे मात्र नीट ठरवा. अध्यक्ष, सेक्रेटरी अशी फौज घेऊन गेलात तर पोरं गप्प बसतात. मंडळाचा एखादा कार्यकर्ता, जिममधला दादा, टपरीवाले काका, ज्यांचं पोरं ऐकतात असं माणूस पाठवा आणि ‘कुणी केलं’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘रविवारी भिंत दुरुस्त करतोय, स्प्रेचा काळा काढायला मदत पाहिजे, येता का’ एवढंच. आलं तर येऊ दे, आणि त्यातल्या कुणी केलं असेल तर ते हात चालवताना कळतंच, पण बोलून दाखवू नका.

बायकांच्या तोंडावरचा काळा स्प्रे मला जास्त खटकतोय. दिंडीत पुरुष पण असतील ना? त्यांच्या तोंडाला हात लावला नाही आणि फक्त बायकांची तोंडं काळी केली असतील, तर ही नुसती टवाळकी म्हणून सोडू नका. कॉलनीतल्या मुलींना, बायकांना विचारा की त्या रस्त्यावर अलीकडं कुणी त्रास देतंय का, शेरेबाजी होते का, क्लासवरून येताना अंधार असतो का. माझा अनुभव असा की मुलींना आधीपासून माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. ही बैठक बायकांनीच घ्यावी, पुरुषांनी चहा करून द्यावा. आणि तिथला रस्त्याचा दिवा बंद असेल तर त्यासाठी नगरपालिकेच्या मागं लागा, भिंतीसाठी कॅमेरा घ्यायच्या आधी दिवा. कॅमेऱ्याच्या मी विरोधात नाही, पण कॅमेरा झालेलं दाखवतो, तोही तोंडाला रुमाल बांधलेला माणूस. उजेडात मात्र लोक वावरतात, पोरी निर्धास्त जातात.

पोलिसात जायचं का? लेखी अर्ज द्या, फोटो जोडून, त्यावर शिक्का घ्या, म्हणजे परत झालं तर आधीची नोंद हाताशी राहते. नुकसान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ४२५ ते ४२७ होतं तेच. पण संशयित म्हणून कुणाचं नाव अर्जात घालायची घाई करू नका. पोरगं १८ च्या आतलं निघालं तर प्रकरण बाल न्यायाच्या कायद्यानं जातं, मोठं निघालं तर पोलीस भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडकतं, आणि साताऱ्यात दर दुसऱ्या घरातलं पोरगं सैन्यात नाहीतर पोलिसात जायची तयारी करत असतं. एका बदामासाठी कुणाचं आयुष्य अडकू नये. मुलींना त्रास देण्याचा प्रकार निघाला तर मात्र मागं हटू नका, तिथं पूर्ण तक्रार द्या.

आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं आत्ताच काहीतरी करा. तुम्ही लिहिलंय की ‘खालच्या वस्तीतल्यांनी केलं’ असे मेसेज फिरतायत. पुरावा काय? काही नाही. अशा मेसेजनं भिंतीपेक्षा मोठं नुकसान होतं, खालच्या वस्तीतल्याच बायका तुमच्या घरात कामाला येतात, त्यांचीच मुलं त्या शाळेत आहेत आणि त्यातल्याच कुणीतरी ती फुलं रंगवली असतील. अ‍ॅडमिनला सांगा, भिंतीची चर्चा ग्रुपवर बंद, भिंतीपाशी येऊन बोला.

आता सावित्रीबाई. चित्राला अजून कुणी हात लावला नाही हे बरं झालं, पण उद्या लावला तर काय करायचं हे आजच चार माणसांना सांगून ठेवा. महापुरुषाच्या, देवाच्या, कुठल्याही श्रद्धेच्या चित्राला कुणी काही केलं तर स्वतः पुसायला जायचं नाही. फोटो काढून पाठवायचा नाही, एकालाही नाही. स्वच्छ चादर घेऊन चित्र झाकायचं, ११२ ला नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करायचा, पंचनामा होईपर्यंत दोन जबाबदार माणसं तिथं थांबायची, आणि मग पोलिसांच्या समोर दुरुस्ती. सोशल मीडियावरच्या पोस्टवरून २०२३ च्या सप्टेंबरात पुसेसावळी गावात जी दंगल झाली ती आपल्या जिल्ह्यानं भोगलीय, माणसाचा जीव गेलाय.

म्हणूनच रस्त्याच्या पातळीवर, हात पोचेल अशा भिंतीवर मी महापुरुषांचे चेहरे काढत नाही. लोक आग्रह करतात, भावना खरी असते, पण मी सांगतो की चेहरा शाळेच्या आतल्या भिंतीवर काढू, रस्त्यावर त्यांचं काम काढू. सावित्रीबाईंचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, नायगावचा, १८३१ चा. त्यांच्यासाठी पाटी-दप्तर घेऊन निघालेल्या मुलींची रांग काढा की, बघणाऱ्याला बरोबर समजतं. तुमचं चित्र काढलेलं आहे, ते आता पुसा असं म्हणत नाही, पण पुढच्या वेळी रंगवाल तेव्हा विचार करा.

पांढरा मारा म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. पांढरी भिंत म्हणजे स्प्रेवाल्याला कोरा कागद, आणि पोस्टरवाल्याला तर आमंत्रणच. शिवाय चित्र ज्यांनी काढलं त्यांना विचारल्याशिवाय पुसणं बरं नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल या शिल्पकारांचं मोठं भित्तिशिल्प होतं, सरकारनं १९७९ मधे ते काढून गोदामात टाकलं, सहगल कोर्टात गेले आणि २००५ मधे दिल्ली हायकोर्टानं निकाल दिला की कलाकृती विकली तरी कलाकाराचा तिच्यावर हक्क राहतो, सरकारला ते परत द्यायला लावलं, वर पाच लाख भरपाई. तुमच्या भिंतीसाठी कुणी कोर्टात जाणार नाही, पण ज्या मुलांनी ऊन खात फुलं रंगवली त्यांना एका सकाळी तिथं पांढरं दिसलं तर त्यांना काय वाटेल याचा विचार करा. खराब करणाऱ्यानं तीन-चार चेहरे घालवले, तुम्ही अख्खी भिंत घालवाल.

दुरुस्तीचं काम असं. सगळ्यात आधी फोटो, दिवसाच्या उजेडात, समोरून एक आणि प्रत्येक डागाचा जवळून एक. स्प्रेवर थिनर लावू नका, इमल्शनवर थिनर घासला की काळा पसरतो आणि खालचं चित्र पण विरघळतं. बारीक पॉलिश पेपरनं तेवढी जागा हलकी घासा, धूळ पुसा, काळा झाकायला प्राइमर, मग रंग. उघड्या काळ्या दगडावर स्प्रे असेल तर तिथं थिनरचं फडकं चालतं, पण अ‍ॅसिड कधीच नको. टच-अप करताना रंगाच्या मधेच ब्रश थांबवू नका. उन्हानं जुना रंग फिका पडलेला असतो आणि नवीन ठिगळ लांबून दिसतं, त्यामुळं पदराची कड, चेहऱ्याची रेघ, जिथं रंग नैसर्गिक संपतो तिथपर्यंत पूर्ण भाग परत भरायचा. दिंडीतल्या बायकांचे चेहरे मुलांनाच परत काढू द्या, आधीसारखे नाही आले तरी चालतील.

वरून क्लिअर कोट, म्हणजे चित्र टिकावं म्हणून पारदर्शक थर, मारायचा का असं पण तुम्ही विचारलंय. तुमची भिंत चढाला टेकलेली आहे, मागं माती, म्हणजे पावसाळ्यात पाणी भिंतीतून पुढं येणारच. अशा भिंतीवर जाड पॉलियुरेथेन कोट मारला की ओल आत अडकते, फुगे येतात आणि चित्राचे पापुद्रे निघतात. ज्या भिंतीला दोन्ही बाजूंनी वारा आहे तिथं खुशाल मारा, इथं नको. पाणी जायला ठेवलेली भोकं कुणी रंगवताना बुजवली असतील तर ती आधी मोकळी करा, पांढरा लोणा, म्हणजे ओलीमुळं वर आलेला खार, दिसत असेल तर तो कोरड्या ब्रशनं झाडून घ्या. साताऱ्याचा पाऊस बघता जून ते सप्टेंबर मधे काही झालं तर फक्त धुवायचं आणि झाकायचं, खरा रंग भिंत वाळल्यावर, दिवाळीच्या पुढं.

गणपतीच्या आधी एकदा जवळच्या मंडळात जाऊन या, मंडपाचे दोर बांधायला भिंतीत खिळे ठोकतात आणि ते कुणी वाईट मनानं करत नाही, कुणी सांगितलेलं नसतं म्हणून होतं. निवडणूक लागली की सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना एकाच दिवशी सांगायचं की ही भिंत कुणालाच नाही, एकाला सूट दिली की संपलं.

दुरुस्तीसाठी एक लिटरचे दोन-तीन डबे पुरतील, वर्गणी फार काढावी लागणार नाही. शाळेतल्या बाईंना विचारून मुलांना जमेल असा रविवार ठरवा, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. रंगाच्या शेडचे कोड मागच्या वेळच्या बिलावर नाहीतर डब्याच्या झाकणावर असतील, नाही सापडले तर भिंतीवरून सुकलेल्या रंगाचा नखाएवढा पापुद्रा काढून दुकानात न्या, मशीनवर जवळपासची शेड बनवून देतात. उरलेला रंग या वेळी फेकू नका, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून, वर कोड लिहून, कुणाच्या तरी जिन्याखाली ठेवा आणि ती कुणाकडं आहे हे किमान तीन घरांना माहीत असू द्या.